टॉमाहॉक घ्यायचाय? आधी दांडा बघा, मग पातं

मागच्या उन्हाळ्यात आम्ही पाच-सहा मराठी घरं मिळून इथे पेनसिल्व्हेनियात कॅम्पिंगला गेलो होतो, तेव्हा ग्रुपमधल्या एकाने नवाकोरा टॅक्टिकल टॉमाहॉक (टॉमाहॉक म्हणजे हलक्या पात्याची, कंबरेला खोचायची कुऱ्हाडच म्हणा, आणि टॅक्टिकल म्हणजे सैनिकी धाटणीचा) आणलेला, काळा कुळकुळीत, मागे अणकुचीदार चोच, मुठीला रबरासारखं काहीतरी, बघूनच समोरच्याने दोन पावलं मागे सरावं असा. दीडशे डॉलर मोजलेले. संध्याकाळी सगळ्यांनी हौसेने ओंडक्यावर फेकून बघितला आणि सातव्या की आठव्या फेकीला मुठीचं प्लॅस्टिक तडकलं, झालं, खेळ खलास. माझा चाळीस डॉलरचा साधा लाकडी दांड्याचा होता. त्याचाही दांडा त्याच संध्याकाळी मोडला बरं का, पण गाडीत दुसरा होता, पाच मिनिटांत बसवला आणि अंधार पडेपर्यंत पोरं फेकत बसली.

आता यात त्या दीडशेवाल्याची काही चूक नव्हती, तो फेकायला बनवलेलाच नव्हता. घेणाऱ्याने कामच विचारलं नव्हतं. हा लेख त्यासाठीच, आणि पुण्यात माझा मेहुणा रोज मला रील पाठवून 'भाऊजी यातला कुठला घेऊ' विचारतो त्याला एकदाच सगळं उत्तर मिळावं म्हणून पण.

थोडं मागचं, कारण त्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे

टॉमाहॉक हा शब्द व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरच्या अल्गोंक्वियन बोलीतला. तिथल्या मूळ लोकांची दगडी पात्याची हत्यारं होती, मग युरोपियन व्यापारी लोखंडी पाती घेऊन आले आणि कातड्यांच्या बदल्यात ती देऊ लागले. हलकं पातं, सरळ दांडा, कंबरेला खोचलं की निघाले. लाकूड फोडायची कुऱ्हाड घरी, टॉमाहॉक अंगावर, असा साधा हिशोब. आपल्याकडे कोकणात माणूस कंबरेच्या आकडीला कोयती अडकवून बाहेर पडतो, त्याच्या जवळ जाणारी गोष्ट.

टॅक्टिकल म्हणतात तो प्रकार बराच नंतरचा. पीटर लगाना नावाच्या दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या, मोहॉक या मूळ अमेरिकन जमातीच्या वंशातल्या माणसाने व्हिएतनाम युद्धाच्या काळात एक डिझाइन काढलं, एका बाजूला पातं आणि मागे चोच. १९६६ ते १९७० या काळात त्याच्या अमेरिकन टॉमाहॉक कंपनीने साधारण ४,००० नग अमेरिकन सैनिकांना विकले. २००० नंतर ते नाव पुन्हा जिवंत झालं आणि इराक-अफगाणिस्तानच्या काळात सैन्यात याला परत मागणी आली. पण तिथे याचं काम बघा काय होतं: कुलूप तोडणं, दार उचकटणं, गाडीची काच फोडणं. स्ट्रायकर नावाच्या चिलखती गाड्यांमध्ये दारं-खिडक्या फोडून आत शिरायच्या साहित्यात टॉमाहॉक दिला गेला. म्हणजे टॅक्टिकल टॉमाहॉक हा मुळात पहारीचा भाऊ आहे, कुऱ्हाडीचा नाही. हे एकदा डोक्यात बसलं की अर्ध्या जाहिराती आपोआप गळून पडतात.

पहिलं काम: तुम्ही याचं नक्की करणार काय

प्रामाणिकपणे उत्तर द्या. चार लोकांना दाखवायला घ्यायचा असेल तरी काही हरकत नाही, पण मग तसं म्हणा आणि दिसेल तो घ्या, पुढचं वाचायची गरज नाही.

फेकायचा असेल तर दांडा लाकडी, सरळ आणि सहज बदलता येणारा हवा. कॅम्पवर बारीक लाकडं तोडायला, तंबूचे खुंटे ठोकायला हवा असेल तर लांब दांडा आणि मागे हातोडीसारखा सपाट माथा. सर्व्हायव्हल, म्हणजे जंगलात अडकलो, मदत यायला दोन दिवस लागले, असं काही मनात असेल तर उत्तर वेगळं आहे, त्यावर खाली बोलतो कारण तिथेच लोक जास्त फसतात. आणि दारं फोडायची असतील तर तुम्ही फायर ब्रिगेडमध्ये असाल अशी आशा आहे.

तिन्ही कामं झकास करणारा एकच टॉमाहॉक मला अजून भेटलेला नाही. दोन कामं बरी करणारे भेटलेत, आणि ते स्वस्तातलेच आहेत.

दांडा पात्यात बसतो कसा ते बघा

सगळ्यात महत्त्वाचं हे, आणि विकणारे याबद्दलच सगळ्यात कमी बोलतात. बाजारात ढोबळमानाने तीन पद्धती आहेत.

एक, कुदळीची पद्धत. पात्याचं नेढं वरच्या बाजूला रुंद आणि खाली किंचित निमुळतं, दांडाही वर जाड आणि खाली बारीक. दांड्याच्या खालच्या टोकातून पातं ओवायचं आणि वर सरकवायचं, जाड टोकाशी जाऊन ते घट्ट बसतं. पाचर नाही, खिळा नाही. जितकं फिरवाल तितकं पातं बाहेरच्या बाजूला ओढलं जातं आणि आणखी आवळतं. आपल्याकडे ज्याने कधी कुदळ किंवा टिकाव हातात घेतलाय त्याला हे शिकवायला नको, दांडा ढिला झाला की उलटा धरून दगडावर ठोकायचा, बस. इथे अमेरिकेत इंजिनिअर लोकांना मी हे समजावून सांगतो तेव्हा त्यांना फार मोठा शोध लागल्यासारखं वाटतं.

दोन, एकाच पोलादाच्या पाटीतून कापलेला अखंड टॉमाहॉक. पातं, दांडा, मूठ सगळं एकच तुकडा, वरून मुठीला नायलॉन, रबर नाहीतर दोरी. याचं पातं कधी निसटणार नाही ही याची ताकद. पण वजन दांड्यातही जातं त्यामुळे झोक कमी, आणि पातं ओंडक्यात बसताना जो झटका लागतो तो सगळा मनगटात येतो. अर्धा तास लाकूड तोडा, रात्री चमचा धरताना कळेल.

तीन, पात्याचा तुकडा वेगळा आणि तो नायलॉनच्या दांड्यात बोल्टने कसलेला. हलका, स्वस्त, गंज कमी. फेकायला मात्र नको, कारण प्रत्येक फेकीला झटका त्या बोल्टच्या भोकांवर येतो, एक दिवस नायलॉन फाटतो किंवा बोल्ट ढिले पडतात. फेकायचाच असेल तर दर पाच-दहा फेकींनी बोल्ट तपासायची तयारी ठेवा.

लाकडी दांडा मोडतो म्हणून लोक नाक मुरडतात. अहो, तो मोडण्यासाठीच आहे! घरातल्या फ्यूजसारखा. फेक चुकली, ओंडक्याच्या कडेला दांडा आपटला तर कुणीतरी मोडणारच, मग दहा-पंधरा डॉलरचा दांडा मोडलेला बरा की शंभरचा अख्खा नग? (आपल्याकडे कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, इथे तो बिचारा गोतासाठी जीव देतो.)

वजन, लांबी, पात्याची रुंदी

एकूण वजन ५०० ते ७५० ग्रॅमच्या मध्ये असेल तर टॉमाहॉक टॉमाहॉकसारखा वागतो. त्याखाली गेलात तर लाकडात घुसत नाही, वर गेलात तर मग सरळ छोटी कुऱ्हाड घ्या ना, ती तेच काम दुप्पट चांगलं करेल. लांबीत कंजुसी करू नका. १२-१३ इंची टॅक्टिकल प्रकार बॅगेत छान मावतो पण त्याला झोकच मिळत नाही, आणि आखूड दांड्याचा एक धोका असा की वार हुकला तर पातं जमिनीत जायच्या ऐवजी स्वतःच्या गुडघ्यावर किंवा नडगीवर येतं. १९ ते २२ इंच ही माझी आवडती लांबी, फेकायलाही आणि तोडायलाही.

पात्याची धार फार रुंद असेल, साडेचार-पाच इंच वगैरे, तर दिसतं भारी, पण तीच ताकद जास्त रुंदीवर वाटली गेल्यामुळे खोल घुसत नाही. अडीच ते साडेतीन इंच पुरे.

पाती सगळ्यांची पातळ असतात हे लक्षात ठेवा. पातळ पातं आडव्या फांदीत मस्त घुसतं, पण ओंडका उभा फोडायला गेलात की रुतून बसतं, कारण चिरायला पात्याला गाल लागतात, पाचरीसारखे. म्हणून टॉमाहॉकने सरपण फुटत नाही अशी तक्रार करणारे लोक चमच्याने भाजी चिरत असतात.

पोलादाचं फार मनावर घेऊ नका

इथे एक-दोन परिच्छेदांत संपवतो कारण लोक यावर रात्र-रात्र भांडतात आणि फरक कमी पडतो. टॉमाहॉकला चाकूसारखं कडक पोलाद नको असतं, कडक म्हणजे ठिसूळ, झटक्याला धारेचा तुकडा उडतो. चिवट हवं. १०५५ म्हणजे साधारण ०.५५ टक्के कार्बन असलेलं साधं कार्बन पोलाद, त्याला नीट पाणी दिलं (लोहाराच्या भाषेतलं पाणी, तापवून थंड करून कडकपणा आणणं) की टॉमाहॉकला उत्तम. धार लवकर जाते पण दहा मिनिटांत कानशीने परत येते. एसके५ आणि ८०सीआरव्ही२ या पोलादांमध्ये कार्बन ०.८ टक्क्याच्या आसपास, धार जास्त टिकते, ८०सीआरव्ही२ तर चिवटपणालाही नावाजलेलं आहे.

४२० सारखं स्टेनलेस म्हणजे गंजाची कटकट कमी, पण धार धरून ठेवायला सुमार. दमट जागी, समुद्राकाठी राहत असाल तर विचार करा. डी२ वगैरे चाकूचं पोलाद टॉमाहॉकला लावून विकणारे दिसले तर पुढच्या दुकानात जा.

आता नावानिशी बोलू

कोल्ड स्टील कंपनीचा ट्रेल हॉक. १०५५ चं ठोकून घडवलेलं पातं, हिकरीचा (हे चिवट अमेरिकन लाकूड) २२ इंची दांडा, मागे छोटी हातोडी, कुदळीची पद्धत, किंमत साधारण चाळीस डॉलरच्या आसपास. नवशिक्याला मी डोळे झाकून हाच सांगतो. धार कारखान्यातून बोथटच येते आणि वरचा काळा रंग भडक असतो, दोन्ही घरी सुधारता येतं. त्यांचाच फ्रंटिअर हॉक मागे काही नसलेला, साधा, फेकायला थोडा जास्त गोड. रायफलमन्स हॉक जड, ज्यांना लाकडावर काम जास्त करायचंय त्यांच्यासाठी.

सीआरकेटी कंपनीची वूड्स मालिका: चोगन (मागे हातोडी), कांगी (मागे चोच), नोबो (मागे काही नाही). हीसुद्धा १०५५ आणि टेनेसीची हिकरी, दांडा १९ इंचाच्या आसपास. डिझाइन रायन जॉन्सनचं, म्हणजे तोच माणूस ज्याची टेनेसीतल्या चॅटनूगा गावी आरएमजे टॅक्टिकल कंपनी आहे. फिनिशिंग ट्रेल हॉकपेक्षा बरं, किंमत थोडी वर. दोघांत मला चोगन हातात जास्त आवडतो, पण सुटे दांडे ट्रेल हॉकचे सहज मिळतात, म्हणून गाडीत तोच असतो.

सीआरकेटीचाच टी-हॉक कांगी, नाव सारखं पण माल वेगळा: एसके५ चा अखंड तुकडा, नायलॉनची मूठ, चौदा इंचाला थोडा कमी. हा खरा टॅक्टिकल. उचकटायला, फोडायला. एसओजी कंपनीचा एफ०१ लगानाच्या डिझाइनवरून आलेला, ४२० स्टेनलेस, नायलॉनचा दांडा, पावणेसोळा इंच, ६८० ग्रॅम. स्वस्त, हलका, आणि पहिल्यांदा हातात घेतल्यावर सगळ्यांनाच आवडतो.

आरएमजेचे स्वतःचे टॉमाहॉक म्हणजे तीन-चारशे डॉलर आणि वर. सुंदर काम आहे, वाद नाही. सैनिक, बचाव पथकं यांच्यासाठी पैसे वसूल. मला परवडला तरी मी ओंडक्यावर फेकणार नाही, आणि जी वस्तू फेकवत नाही ती माझ्यासारख्याने घेऊन भिंतीलाच लावायची. इलिनॉयच्या रॉकफर्डमधली एस्टविंग, हातोड्यांसाठी प्रसिद्ध जुनी कंपनी, तीही अखंड पोलादाचा ब्लॅक ईगल नावाचा टॉमाहॉक बनवते, मजबूत आहे, झटका मात्र हाताला लागतो.

घरी आणल्यावर लगेच फेकायला जाऊ नका

स्वस्त लाकडी टॉमाहॉक म्हणजे अर्धवट शिजलेला भात आहे, तुम्हाला शिजवायचा आहे. एक दुपार काढा.

आधी पातं दांड्यावरून उतरवा. कोल्ड स्टीलच्या नगांना बाजूला एक छोटा स्क्रू असतो, तो काढून फेकून द्या, त्याने दांड्याला भोक पाडल्यासारखं होतं आणि बरोबर तिथूनच दांडा चिरतो. मग दांडा सरळ उभा धरून त्याचं खालचं टोक जमिनीवर ठोका, पातं खाली सरकून निघेल.

आता दांड्याचं टोक बघा, लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेने धावतायत. धारेकडून मागच्या बाजूला जाणाऱ्या रेषा चांगल्या. आडव्या असतील तर तो दांडा लवकर मोडणार, परत करता आला तर करा.

वरचं वॉर्निश पॉलिश पेपरने पूर्ण काढा, गुळगुळीत वॉर्निशने तळहाताला फोड येतात. मग पातं परत ओवा, वर ठोकून बसवा, आणि पुन्हा काढा. दांड्यावर जिथे काळे चमकदार डाग उमटले असतील तिथेच फक्त लाकूड लोखंडाला घासतंय असं समजायचं. ते उंचवटे लाकडाच्या कानशीने हलके घासा, परत बसवा, परत काढा. पाच-सहा वेळा केलंत की डाग सगळीकडे सारखे पडायला लागतील, म्हणजे पातं सगळीकडून टेकलं. पातं वरून अर्धा-पाऊण इंच खाली राहील एवढाच दांडा घासा, जास्त घासलात तर पातं वरून निघून समोरच्याच्या अंगावर जाईल, मस्करी नाही.

शेवटी जवसाचं तेल. लवकर वाळणारं उकळलेलं मिळतं ते घ्या, पातळ हात मारा, पुसा, एक दिवस सोडा, असं तीन वेळा. आणि हे नीट वाचा: तेल पुसलेली चिंधी बोळा करून कचऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, वाळताना उष्णता सोडतं, आणि बोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंधी बाहेर पसरून, कडक वाळवून मग टाका.

धार: फेकायचा असेल तर अंगठा फिरवून कापणार नाही एवढी बोथट-गोलसर धार पुरते, फक्त खाचा आणि बारीक काटे कानशीने काढा, कारण तेच बोटाला लागतात. तोडायला हवा असेल तर दोन्ही बाजूंनी साधारण २०-२५ अंशांची धार काढा. धारेवर मार्करने रंग लावा आणि कानस मारा, रंग कुठला गेला त्यावरून कळतं आपण कुठे घासतोय, आईशप्पथ ही एक युक्ती कळायला मला दोन वर्षं लागली. कानस नेहमी एकाच दिशेने, हातात जाड हातमोजे.

फेकणं

हा यातला सगळ्यात मजेचा भाग. टोरंटोत २००६ मध्ये एकाच्या घरामागच्या अंगणात कुऱ्हाड फेकायची लीग सुरू झाली, आता अमेरिकेत शहरोशहरी बोलिंगसारखी कुऱ्हाड फेकायची दुकानं आहेत. २०१७ मध्ये वर्ल्ड ॲक्स थ्रोइंग लीग स्थापन झाली, त्यांची नेहमीची रेष निशाण्यापासून १२ फुटांवर असते. आधी अशा ठिकाणी वीस-पंचवीस डॉलर देऊन तासभर फेकून बघा, आवडलं तर विकत घ्या, हा खरं तर माझा पहिला सल्ला असायला हवा होता.

घरी करायचं तर निशाणा मऊ लाकडाचा: पाइन, पॉप्लर, कॉटनवुड. झाडाच्या खोडाची जाड चकती कापून तिची कापलेली गोल बाजू समोर ठेवली तर उत्तम, त्यात पातं रेषांच्या मधे शिरतं आणि उसळत नाही. छातीच्या उंचीला, मागे काही नाही, बाजूला कुणी नाही. उभ्या जिवंत झाडावर फेकायचं नाही. साल फाटली की झाडाला कीड-बुरशी लागते, आणि वर गोल खोडावरून टॉमाहॉक कुठेही उडतो.

निशाण्याला पाठ टेकवून उभे राहा, नेहमीच्या चालीने पाच पावलं चाला, वळा. साधारण १२-१३ फूट होतील, १९-२० इंची दांड्याला एक पूर्ण गिरकी घ्यायला एवढं अंतर लागतं. दांडा खालच्या टोकाजवळ धरा, हातोडी धरतो तसा, अंगठा गुंडाळलेला. कपाळाच्या वर न्या, मनगट घट्ट ठेवा आणि हात निशाण्याच्या रोखाने सरळ आला की सोडून द्या, फेकू नका, सोडा. गिरकी तुम्ही द्यायची नाही, ती आपोआप मिळते. सगळे नवशिके मनगटाला झटका देतात, विशेषतः क्रिकेट खेळलेले आपले लोक, स्पिन टाकायची सवय.

नाही रुतला तर ताकद वाढवू नका, अंतर बदला. दांड्याचं खालचं टोक आधी लाकडावर आपटत असेल तर गिरकी अपुरी पडतेय, अर्धं पाऊल मागे जा. पात्याचा वरचा माथा आपटत असेल, दांडा तुमच्याकडे वळलेला असेल, तर गिरकी जास्त झाली, अर्धं पाऊल पुढे या. बस, निम्मं शास्त्र एवढंच आहे. आमच्याकडे एका नऊ वर्षांच्या मुलीने हे ऐकून दहा मिनिटांत रुतवला आणि तिचा बाबा, जिम करणारा माणूस, तासभर ताकद लावत बसला.

नियम कडक ठेवा. फेकणाऱ्याच्या मागे निदान दहा-बारा फूट बाकीचे सगळे. सगळ्यांचं फेकून झाल्याशिवाय काढायला कुणी जायचं नाही. पायात बंद बूट, चप्पल अजिबात नाही. प्रत्येक दहा फेकींनी पातं ढिलं झालंय का, दांड्याला चीर आहे का बघा. मागे चोच असलेला टॉमाहॉक फेकू नका, उसळून आला तर कुठली बाजू तुमच्याकडे येतेय सांगता येत नाही. आणि बिअर नंतर.

जंगलातलं काम आणि ते सर्व्हायव्हल

कॅम्पवर तोडताना गुडघे टेकवून बसा, म्हणजे वार हुकला तरी पातं जमिनीत जाईल, पायात नाही. फांदी ओंडक्यावर ठेवून तोडा, सरळ आडवे घाव घालू नका, एकदा डावीकडून तिरका, एकदा उजवीकडून, इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पडत जाते. मनगटाइतकी फांदी टॉमाहॉकने आरामात तुटते. मांडीइतकी तोडायला गेलात तर ती हौस आहे, काम नाही. मागच्या हातोडीने तंबूचे खुंटे ठोका, पण पोलादी छिन्नी किंवा दुसऱ्या कुऱ्हाडीवर मारू नका, तो भाग मऊ असतो, फुलासारखा उमलतो.

इथल्या बऱ्याच स्टेट पार्कमध्ये उभं झाड तोडायला बंदी असते आणि सरपण लांबून आणायलाही मज्जाव असतो. २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडलेली एमराल्ड ॲश बोरर नावाची हिरवी कीड असंच सरपणातून पसरत जाऊन ॲशची झाडं मारत सुटली, म्हणून जिथे जाळायचं तिथलंच लाकूड विकत घ्यायचं. म्हणजे बघा, तोडायला राहतं काय, तर विकतच्या लाकडाच्या ढलप्या आणि पडलेल्या फांद्या.

आता अडकल्यावर काय. लोकांना वाटतं अखंड पोलादाचा, कधीच न मोडणारा टॉमाहॉक म्हणजे सर्व्हायव्हल. माझं मत उलटं. कुदळीच्या पद्धतीचा घ्या. दांडा मोडला तर रानातली कुठलीही बरी फांदी तासून नेढ्यात ओवता येते, आणि तासायला हत्यार तेच: पातं दांड्यावरून उतरवून नुसतं हातात धरलं की विळीच्या पात्यासारखं वापरता येतं, साल काढा, तासा, ढलप्या काढा. अखंड टॉमाहॉकची मूठ फुटली तर हातात थंडगार पातळ पट्टी उरते. पण त्याहून खरं सांगू का, जंगलात वजन उचलायची ताकद मोजकी असेल तर घडीची करवत आणि एक बरा चाकू टॉमाहॉकच्या आधी. करवत कमी घामात जास्त लाकूड कापते आणि चुकून पायात घुसत नाही. टॉमाहॉक तिसरा. मी नेतो, कारण मला आवडतो.

नेताना पात्यावर म्यान हवंच. पण महिनोनमहिने चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं आणि कार्बन पोलादाला गंज चढतो. घरी उघडा ठेवा, पात्याला तेलाचा हात मारून. विमानाने जाताना फक्त चेक-इन सामानात, धार नीट गुंडाळून.

भारतात असाल तर

मेहुण्यासाठी खास. २०१६ च्या आर्म्स रुल्समध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांच्या यादीत येतात, आणि त्या यादीत तलवार-भाल्याबरोबर युद्धाच्या कुऱ्हाडीचं नावही आहे. घरगुती, शेती किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेल्यांना सूट आहे. आता कोयती, कुऱ्हाड शेतीची आहे हे कुणालाही पटेल. पण काळी, चोच असलेली, डब्यावर टॅक्टिकल लिहिलेली, धार दोन इंचांहून रुंद अशी वस्तू शेतीची आहे हे चौकीत बसून समजावणं मला तरी जमणार नाही. त्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ लागू असेल त्या भागात हत्यार बाळगून फिरण्यावर बंदी असते. अभयारण्यात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरताच येत नाही. सह्याद्रीत ट्रेकला टॉमाहॉक लागेल असं काम मला आठवत नाही, लागलीच तर गावातल्या माणसाची कोयती जास्त कामाची, आणि ती वापरणारा हातही त्याचाच बरा.

त्यामुळे मेहुण्याला मी घडीची करवत पाठवलीय. तो मे महिन्यात इथे येणारच आहे, तोपर्यंत मी हिकरीचे चार दांडे मागवून, वॉर्निश काढून, तेल पाजून ठेवलेत. क्रिकेटमध्ये लेगस्पिन टाकतो तो, चार पुरतील असं वाटत नाही.